महाराष्ट्रातला डेटा, जगापुढचा निबंध: संस्कृती आणि मन यांवरचं पहिलं संशोधन कसं प्रसिद्ध करावं

मानसशास्त्रात एम.ए. किंवा पीएचडी करणारी आपली मुलं-मुली अनेकदा असा विषय घेतात, ज्याच्या मुळाशी संस्कृती असते. एकत्र कुटुंबातल्या सुनांवरचा ताण, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांचं शाळेशी नातं, वारीला जाणाऱ्यांचं मनःस्वास्थ्य, स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात वर्षानुवर्षं काढणाऱ्या मुलांवरचं घरच्यांच्या अपेक्षांचं ओझं. उन्हातान्हात फिरून डेटा गोळा होतो, प्रबंध बांधला जातो, व्हायवा होते, आणि सगळं शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जाऊन पडून राहतं. त्यातला निवडक भाग शोधनिबंध म्हणून चांगल्या नियतकालिकात कसा न्यायचा, हे नवख्यांना कोणी सविस्तर सांगत नाही. ते इथे मांडतो.

अशा संशोधनाची गरज खरोखर आहे. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या प्रमुख नियतकालिकांची झडती घेतली. अभ्यासांत भाग घेणाऱ्यांपैकी ६८ टक्के अमेरिकेतले आणि ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. २०१० मध्ये हेन्रिक, हाइन आणि नोरेन्झायन यांनी या नमुन्याला ‘वीअर्ड’ हे इंग्रजी आद्याक्षरांचं नाव दिलं: पाश्चात्त्य, शिकलेला, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाही देशांतला माणूस. अनेक बाबतींत हा माणूस माणूसजातीचा प्रतिनिधी नसून अपवाद आहे, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवलं. त्यानंतर संपादकांचं लक्ष बाहेरच्या जगाकडे वळलं. पण केवळ नमुना महाराष्ट्रातला आहे म्हणून कोणी निबंध छापत नाही. ‘इथे असं, तिथे तसं, कारण संस्कृती वेगळी’ या वाक्यातून संपादकाला काहीच कळत नाही. संस्कृतीतली नेमकी कोणती गोष्ट, कोणत्या वाटेने, कोणाच्या मनावर काम करते, हे दाखवलंत तर तुमचा निबंध उभा राहतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका कामासाठी आहेत.

१. प्रश्न नीट घडवा

बहुतेक पहिले मसुदे इथेच अडकतात. ‘भारतीय विद्यार्थ्यांमधील समूहवाद आणि ताण यांचा संबंध’ असं शीर्षक असतं (समूहवाद म्हणजे स्वतःआधी आपल्या गटाचा विचार), दोन प्रश्नावल्या असतात, त्यांचा सहसंबंध, म्हणजे एक वाढलं की दुसरं किती वाढतं-घटतं ते, काढलेला असतो, आणि चर्चेत एक वाक्य येतं: भारतीय संस्कृती कुटुंबप्रधान असल्यामुळे असा निष्कर्ष आला असावा. यात संस्कृती कुठे मोजलेलीच नसते, निष्कर्ष हाती आल्यावर ती मागाहून चिकटवलेली असते. समीक्षकाला, म्हणजे छापण्याआधी नियतकालिकासाठी निबंध तपासणाऱ्या जाणकाराला, हे पहिल्याच वाचनात दिसतं.

कसं करावं हे पाहायचं असेल तर जोन मिलर यांचा १९८४ चा निबंध मिळवा आणि सावकाश वाचा. त्यांनी शिकागोमधली आणि म्हैसूरमधली माणसं घेतली, प्रौढ आणि ८, ११ व १५ वर्षांची मुलं. ओळखीच्या माणसाने केलेलं एखादं चांगलं आणि एखादं वाईट कृत्य आठवायचं आणि तो माणूस तसा का वागला ते सांगायचं, एवढंच काम. अमेरिकन प्रौढांची उत्तरं स्वभावाकडे झुकली, म्हैसूरच्या हिंदू प्रौढांची उत्तरं परिस्थिती, नाती आणि त्या माणसावरच्या जबाबदाऱ्या यांच्याकडे. निबंध एवढ्यावर थांबला असता तर तो ‘इथे असं, तिथे तसं’ याच जातीचा ठरला असता. पण आठ वर्षांच्या मुलांमध्ये दोन्हीकडे फारसा फरक नव्हता, आणि वय वाढेल तसा तो रुंदावत गेला. म्हणजे ही पद्धत माणूस आपापल्या समाजात वाढताना शिकतो. शिवाय मिलर यांनी दुसरी संभाव्य कारणंही तपासली. भारतीयांनी सांगितलेल्या घटनाच वेगळ्या प्रकारच्या असतील का? मग त्या घटना अमेरिकनांना देऊन बघितल्या, तरी ते स्वभावाकडेच वळले. हा निबंध चाळीस वर्षांनंतरही वाचला जातो तो या तपासणीमुळे.

मिलर यांच्यासारखी दोन देशांची तुलना नवख्याला परवडत नाही, आणि ती गरजेचीही नाही. अलाहाबादच्या माघ मेळ्यावरचं काम पाहा. गंगेकाठी कडाक्याच्या थंडीत, गोंगाटात, तंबूत महिनाभर राहणाऱ्या कल्पवासींचं स्वास्थ्य मेळ्याआधी आणि मेळ्यानंतर विचारलं गेलं. जोडीला, त्याच भागातल्या पण मेळ्याला न गेलेल्या लोकांनाही विचारलं गेलं. न गेलेल्यांच्या तुलनेत कल्पवासींचं स्वास्थ्य सुधारल्याचं दिसलं. भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांचा हा निबंध २०१२ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आला. यात परदेशातला एकही माणूस नव्हता. मोठ्या समूहात सामील झाल्याने माणसाच्या आरोग्याचं काय होतं, हा प्रश्न मात्र जगातल्या कोणत्याही संशोधकाचा होता. वारीवर काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने या निबंधाची रचना पाठ करावी: आधी, नंतर, आणि न गेलेला गट.

एकाच देशात राहूनही तुलना करता येते. थॉमस टाल्हेम आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये चीनच्या भाताच्या आणि गव्हाच्या पट्ट्यांतल्या हान चिनी विद्यार्थ्यांची तुलना छापली. देश, भाषा, राजवट बऱ्याच अंशी सारखी, पीक वेगळं. भाताला पाणी वाटून घ्यावं लागतं, मजुरीची देवाणघेवाण लागते, म्हणून तिथला विचार अधिक समग्र, नात्यांकडे पाहणारा, असा त्यांचा दावा होता. या दाव्यावर पुष्कळ वाद झाला आणि तो होणंही योग्यच होतं. आपल्याकडे कोकणातला भात आणि मराठवाड्यातली ज्वारी डोळ्यांसमोर येते, पण मोह आवरा. कोकण आणि मराठवाडा यांत पिकाखेरीज मुंबईला होणारं स्थलांतर, पाऊसमान, जमीनधारणा, निजामशाहीचा इतिहास एवढं सगळं वेगळं आहे.

म्हणून डेटा गोळा करायला निघण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. माझ्या मते काय घडतं आणि कोणत्या वाटेने. माझं म्हणणं चुकीचं असेल तर दुसरी कोणती कारणं असू शकतील: शिक्षण, उत्पन्न, जात, शहर-गाव, वय. आणि त्यातलं प्रत्येक कारण बाजूला काढायला माझ्याकडे काय आहे. तिसरा रकाना रिकामा राहिला तर अजून घराबाहेर पडू नका.

‘संस्कृती’ म्हणताना कोणाची, हेही स्वतःला विचारा. पुण्यातल्या एका महाविद्यालयातल्या दीडशे विद्यार्थ्यांवरून महाराष्ट्राच्या मनाबद्दल लिहिणं म्हणजे आर्नेट यांनी ज्यावर बोट ठेवलं तीच चूक घरच्या अंगणात करणं. जातीची नोंदच न घेता भारतीय संस्कृतीबद्दल बोलणारे निबंध अजूनही येतात, आणि मला ते मनापासून खटकतात.

२. नियतकालिक आधी ठरवा

निबंध लिहून झाल्यावर नियतकालिक शोधायचं ही उलटी चाल आहे. कुठे पाठवायचं हे ठरलं की किती शब्द, कोणती मांडणी, कोणते वाचक, हे आपोआप ठरतं.

‘जर्नल ऑफ क्रॉस-कल्चरल सायकॉलॉजी’ हे या क्षेत्रातलं जुनं नाव आहे, १९७० पासून निघणारं. त्यांच्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे की एकाच देशातला डेटा चालेल, पण भर सांस्कृतिक घटकांवर हवा आणि निष्कर्षाचं महत्त्व व्यापक, संस्कृतींच्या पलीकडच्या नजरेतून दाखवलेलं हवं. हे वाक्य वाचूनच अनेकांचा मसुदा बदलायला हवा. १९९५ मध्ये यान वालसिनर यांनी सुरू केलेलं ‘कल्चर अँड सायकॉलॉजी’ सिद्धांताकडे आणि गुणात्मक कामाकडे झुकतं. मुलाखती, कथनं, निरीक्षणं यांवर तुमचं काम उभं असेल तर ते बघा. ‘एशियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजी’ १९९८ पासून आशियातलं काम छापतं. मानसोपचाराशी संबंध असेल तर ‘ट्रान्सकल्चरल सायकायट्री’ आहे.

भारतातली दोन नावं मी मुद्दाम वेगळी घेतो. ‘सायकॉलॉजी अँड डेव्हलपिंग सोसायटीज’ १९८९ मध्ये अलाहाबाद विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातून सुरू झालं. त्यामागे दुर्गानंद सिन्हा यांची दृष्टी होती की आपल्यासारख्या समाजांचे प्रश्न आपल्या समाजांतूनच मांडले जावेत. दुसरं ‘सायकॉलॉजिकल स्टडीज’, नॅशनल अकॅडमी ऑफ सायकॉलॉजीचं मुखपत्र, जे स्प्रिंगर छापतं. पहिल्या निबंधासाठी ही दोन्ही ठिकाणं प्रतिष्ठेची आहेत. इथले समीक्षक भारतातलं वास्तव जाणतात, त्यामुळे ‘एकत्र कुटुंब म्हणजे काय’ हे समजावण्यात तुमची पानं खर्च होत नाहीत.

निवडलेल्या नियतकालिकाचे अलीकडचे दहा-बारा निबंध वाचा. त्यांतल्या एकाशीही तुमचा निबंध संवाद करत नसेल तर तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात. वाचायला मिळत नाही ही अडचण थोडी कमी झाली आहे. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्र आणि राज्य सरकारी उच्चशिक्षण संस्थांना हजारो नियतकालिकं खुली झाली. तुमची संस्था त्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. नसेल तर लेखकाला सरळ ईमेल करा. बहुतेक लेखक प्रत आनंदाने पाठवतात.

३. परवानगी डेटाच्या आधी

भाग घेणाऱ्यांना अपाय होत नाही ना हे पाहणाऱ्या नीतिसमितीची मंजुरी मागाहून मिळत नाही आणि तिच्याशिवाय चांगलं नियतकालिक निबंधाला हात लावत नाही. समितीचं नाव आणि मंजुरीचा क्रमांक निबंधात द्यावा लागतो. आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेतला जातो. महाविद्यालयात समिती नसेल तर विद्यापीठात किंवा जवळच्या संस्थेत चौकशी करा, आणि यासाठी दोन-तीन महिने धरून चाला.

गावात संमती घेताना एक गोष्ट विसरू नका: सहीच्या कागदाची लोकांना भीती असते, आणि ती रास्त असते. जमिनीचे, कर्जाचे व्यवहार सहीने बुडालेले लोकांनी पाहिलेले असतात. वाचता न येणाऱ्याला मजकूर वाचून दाखवायचा, साक्षरच नव्हे तर ज्याचा या कामात काही हितसंबंध नाही असा साक्षीदार हजर ठेवायचा, मग अंगठा घ्यायचा. सरपंचांनी हो म्हटलं म्हणजे गावाने हो म्हटलं असं नाही. सासूबाईंनी हो म्हटलं म्हणजे सुनेने म्हटलं असं तर मुळीच नाही.

४. प्रश्नावली मराठीत आणताना

इथे वेळ द्या. निबंधाचं बळ किंवा दुबळेपण बहुतांशी इथेच ठरतं.

आधी मूळ प्रश्नावलीच्या लेखकांची लेखी परवानगी घ्या. मग भाषांतराची नेहमीची वाट: एकाने मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचं, आणि दोन्ही इंग्रजी पाठ शेजारी ठेवून तपासायचं. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही समीक्षक ती विचारतात. पण ती पुरेशी नाही. हुशार भाषांतरकार अवघडलेल्या मराठीवरूनही मूळ इंग्रजीचा अंदाज बांधतो, आणि कागदावर सगळं जुळलेलं दिसतं. सीईएस-डी या नैराश्याच्या प्रसिद्ध प्रश्नावलीत ‘ब्लूज’ झटकून टाकता आले नाहीत अशा अर्थाचं विधान आहे. त्याचं शब्दशः मराठी करून चालणार नाही हे कोणालाही कळतं. पण त्याच प्रश्नावलीतल्या रडू येण्याबद्दलच्या विधानाचं भाषांतर सोपं आहे, आणि खरी गोची तिथे आहे. शब्द बरोबर असूनही गावातला पन्नाशीचा पुरुष त्याला ‘हो’ म्हणेल का? म्हटलं नाही तर तो कमी दुःखी ठरतो का?

म्हणून भाषांतरानंतर आठ-दहा जणांबरोबर बसा. प्रत्येक विधान वाचून दाखवा आणि विचारा: ‘काका, यातून तुम्हाला काय समजलं? तुमच्या शब्दांत सांगा.’ नंतर विचारा, उत्तर कसं ठरवलं. या संभाषणांच्या नोंदी ठेवा, कारण पद्धतीच्या विभागात हा एक परिच्छेद सोन्याच्या मोलाचा ठरतो. प्रमाण मराठी आणि विदर्भातली वऱ्हाडी, खानदेशातली अहिराणी, सिंधुदुर्गातली मालवणी यांत अंतर आहे. ज्यांना विचारायचं त्यांच्यातलाच एकजण भाषांतर करणाऱ्यांत हवा.

‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ ही पाच पायऱ्यांची शिडी शाळा-कॉलेजात परीक्षा दिलेल्यांना सहज वाटते. शेतावरून आलेल्या बाईला ती विचित्र वाटते, आणि ती म्हणते, ‘ताई, तुम्हीच लिहा काय चांगलं असेल ते.’ हे वाक्य ऐकू आलं की ओळखा, आता मिळणारी उत्तरं तिच्या मनाबद्दल कमी आणि तुमच्यातल्या-तिच्यातल्या अंतराबद्दल जास्त सांगणार आहेत. अशा वेळी आधी हो-नाही विचारा आणि मग ‘थोडं की खूप’. चित्रं, खडे, धान्याचे दाणे वापरले तरी चालतात, फक्त ते आधी थोड्या लोकांवर तपासा आणि निबंधात लिहा. मुलाखत कोणी घेतली, बाईने की पुरुषाने, त्याच गावच्या माणसाने की शहरातून आलेल्याने, त्या वेळी खोलीत आणखी कोण होतं, हेही नोंदवा.

कधीकधी असंही लक्षात येतं की बाहेरची प्रश्नावली दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. त्यात विचारलेली गोष्टच इथल्या आयुष्यात त्या आकाराची नसते. मग आधी मुलाखती घ्या, लोक स्वतः काय म्हणतात ते ऐका, त्यातून विधानं बनवा. काम दुप्पट होतं, पण असा निबंध टिकतो.

५. दोन गटांची तुलना करणार असाल तर

दोन गटांच्या सरासऱ्या काढून टी-टेस्ट (त्यांतला फरक योगायोगाचा आहे का हे पाहणारी चाचणी) लावली आणि फरक जाहीर केला, एवढ्यावर आता कोणी समाधान मानत नाही. प्रश्नावली दोन्ही गटांत एकच गोष्ट, एकाच मापाने मोजते का, हे आधी दाखवावं लागतं. याला मापनाची समतुल्यता म्हणतात. तीन टप्पे आहेत. विधानांची रचना दोन्हीकडे सारखी आहे का. प्रत्येक विधानाचं वजन सारखं आहे का. आणि सुरुवातीची पातळी सारखी आहे का. तिसरा टप्पा पार झाल्याशिवाय सरासऱ्यांची तुलना करू नये. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं ‘लाव्हान’ पॅकेज हे मोफत करतं, ‘जास्प’ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर बटणं दाबूनही होतं. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना सीएफआय (प्रारूप डेटाशी किती जुळतं हे सांगणारा आकडा) ०.०१ पेक्षा जास्त घसरू नये, ही च्युंग आणि रेन्सव्होल्ड यांची २००२ ची कसोटी बहुतेक समीक्षक मानतात. त्यासाठी दर गटात निदान दोनशे माणसं असावीत हा ढोबळ अंदाज धरा.

समतुल्यता जुळली तरी एक अडचण उरते. हाइन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ती दाखवली. ‘मी घरच्यांची मर्जी सांभाळतो’ याला उत्तर देताना माणूस स्वतःला आजूबाजूच्यांशी ताडून पाहतो. ज्या गावात सगळेच मर्जी सांभाळतात तिथे नेहमीइतकी सांभाळणारा स्वतःला मधला आकडा देतो. त्यामुळे प्रत्यक्षातला मोठा फरक कागदावर नाहीसा होऊ शकतो, कधी उलटाही दिसू शकतो. शक्य असेल तिथे मतांऐवजी वागणं विचारा: गेल्या महिन्यात पगारातले किती पैसे घरी दिले, शेवटचा मोठा निर्णय कोणाला विचारून घेतला.

आणि ‘भारतीय समूहवादी, पाश्चात्त्य व्यक्तिवादी’ हे गृहीत धरून चालू नका. पूर्वेत आणि पश्चिमेत माणूस स्वतःकडे कसा वेगळा पाहतो यावरचा मार्कस आणि कितायामा यांचा १९९१ चा निबंध उद्धृत करणं भागच आहे, तो या क्षेत्राचा पाया आहे. पण दुर्गानंद सिन्हा आणि रामचरण त्रिपाठी यांनी १९९४ मध्येच मांडलं होतं की भारतात दोन्ही वृत्ती एकाच माणसात शेजारी नांदतात. विन्योल्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अनेक देशांच्या डेटावरून पूर्व-पश्चिम ही जोडगोळीच मोडीत काढली. आपल्या लोकांचं काम संदर्भात घ्या. भारतातल्या निबंधात एकही भारतीय सिद्धांतक नसतो तेव्हा वाईट वाटतं.

६. आधी नोंद

गृहीतकं, नमुन्याचा आकार आणि विश्लेषणाची योजना डेटा गोळा करण्याआधी ‘ओएसएफ’ या मोफत संकेतस्थळावर नोंदवा. तारखेचा शिक्का पडतो आणि आकडे पाहून गृहीतक बदलल्याचा संशय उरत नाही. गुणात्मक अभ्यासाचीही अशी नोंद करता येते. काही नियतकालिकं तर डेटाआधीच योजनेची समीक्षा करून निबंध तत्त्वतः स्वीकारतात. असं ठिकाण सापडलं तर नवख्याने ते सोडू नये.

७. लेखन

प्रबंधाचं प्रकरण कापून निबंध होत नाही. प्रबंधात तुम्ही सगळं वाचलं आहे हे दाखवायचं असतं, निबंधात एक गोष्ट पटवायची असते. पहिल्या दोन परिच्छेदांत प्रश्न यायला हवा, आणि ‘प्राचीन काळापासून भारतीय संस्कृती’ ही सुरुवात तर काढूनच टाका.

नमुन्याचं वर्णन भरघोस करा: जिल्हा, गाव की शहर, भाषा, शिक्षण, धर्म, जात-प्रवर्ग, उत्पन्न, कधी आणि कसे निवडले. मात्र गाव लहान असेल तर नाव झाका, कारण तीनशे उंबऱ्यांच्या गावात ‘एकमेव पदवीधर विधवा’ कोण हे सगळ्यांना कळतं.

शीर्षकाचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. चिऑन आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या पाहणीत दिसलं की अमेरिकेतल्या नमुन्यावरच्या निबंधांच्या शीर्षकात देशाचं नाव क्वचित येतं, इतर देशांच्या बाबतीत ते जास्त वेळा येतं. जणू तिकडचा माणूस म्हणजे माणूस आणि आपला म्हणजे भारतीय माणूस. माझा सल्ला असा: तुमचं म्हणणं एखाद्या प्रक्रियेबद्दल असेल तर शीर्षकात प्रक्रिया येऊ द्या, ठिकाण गोषवाऱ्यात सांगा. वारीबद्दलच असेल तर वारी अभिमानाने शीर्षकात घ्या.

चर्चेच्या विभागात एक परिच्छेद निष्कर्ष कुठवर लागू होतो यासाठी ठेवा. सायमन्स, शोडा आणि लिंडसे यांनी २०१७ मध्ये हा आग्रह धरला आणि तो आता रुजतो आहे. ‘नमुना लहान होता’ एवढं म्हणून सुटका नाही. कोणत्या लोकांत हाच निष्कर्ष मिळेल असं वाटतं, कोणत्या लोकांत नाही, आणि का, ते लिहा.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. मराठी माध्यमातून आलेल्यांची वाक्यं अनेकदा छोटी आणि सरळ असतात, समीक्षकांना तीच आवडतात. विचार मराठीत पक्का करा, मुद्द्यांची यादी मराठीत लिहा, मग इंग्रजीत उतरवा. भाषा सुधारण्यासाठी एआय वापरलंत तर नियतकालिकाच्या नियमाप्रमाणे तसं जाहीर करा. संदर्भ मात्र प्रत्येक स्वतः उघडून तपासा, कारण यंत्र अस्तित्वात नसलेले निबंधही ठामपणे सुचवतं.

८. पैसे मागणाऱ्यांपासून सावध

‘तीन दिवसांत प्रकाशन, आयएसएसएनसह, फक्त दोन हजार रुपये’ असे संदेश प्रत्येक पीएचडीच्या विद्यार्थ्याला येतात. पदोन्नती आणि मुलाखतीच्या गुणांच्या दडपणाखाली चांगली माणसं त्यात फसतात. आयएसएसएन म्हणजे फक्त नोंदणी क्रमांक, दर्जाची खूण नव्हे. खरी समीक्षा तीन दिवसांत होत नाही. यूजीसीने केअर ही मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे पारख आता आपल्यालाच करावी लागते. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर या नियतकालिकाचा उल्लेख आहे का, जुने अंक उघडतात का, नियतकालिक सर्वांना वाचायला खुलं असेल तर ‘डीओएजे’ या खुल्या नियतकालिकांच्या सूचीत आहे का, ते पाहा. प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही यूजीसीची देशव्यापी सक्ती २०२२ च्या नियमावलीत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा नियम वाचा, घाईचं कारण कदाचित उरलेलंच नसेल.

हेही माहीत असू द्या की बहुतेक प्रतिष्ठित नियतकालिकांत वर्गणीच्या मार्गाने निबंध छापायला लेखकाला काहीच पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते निबंध सर्वांना खुला ठेवायचा असेल तेव्हा. पैसे नसतील तर मसुदा ‘सायआर्काइव्ह’ या मानसशास्त्रातल्या मसुद्यांच्या मोफत संकेतस्थळावर ठेवा, नियतकालिकाचा नियम पाहून. वाचक तिथूनही मिळतात.

९. नकार आणि समीक्षा

एका वेळी एकाच नियतकालिकाला पाठवायचं, हा नियम अनुल्लंघनीय आहे. सोबतच्या पत्रात अर्ध्या पानात सांगा: प्रश्न काय, काय सापडलं, तुमच्याच वाचकांना याचं काय.

समीक्षेला न जाताच नकार येणं नेहमीचं आहे. तो बहुधा ‘आमच्या कक्षेत बसत नाही’ एवढाच असतो. त्याच आठवड्यात दुसरीकडे पाठवण्याची तयारी करा. समीक्षेला गेला तर तीन ते सहा महिने वाट पाहावी लागू शकते. ‘मोठ्या दुरुस्त्या’ असं उत्तर आलं तर ती चांगली बातमी आहे. संपादकाने दार उघडं ठेवलं आहे. पहिल्या वाचनात समीक्षकांचे शब्द लागतात. दोन दिवस बाजूला ठेवा, मग प्रत्येक मुद्दा वेगळा काढा, त्याखाली उत्तर, आणि कुठल्या पानावर कुठल्या ओळीत बदल केला ते लिहा. एकही मुद्दा गाळू नका.

एक मागणी हमखास येते: ‘अमेरिकन नमुन्याशी तुलना का केली नाही?’ घाबरून जाऊ नका आणि चिडूही नका. तुमचा प्रश्न प्रक्रियेचा असेल, तर नम्रपणे सांगा की गटांतर्गत फरक आणि नियंत्रण गट (मेळ्याला न गेलेल्यांसारखा तुलनेचा गट) यांनीच त्याचं उत्तर मिळतं, आणि देशांची तुलना त्यात नवीन गोंधळ आणेल. माघ मेळ्यासारखी उदाहरणं पुढे ठेवा. समीक्षकाचं म्हणणं बरोबर असेल तर तेही मान्य करा आणि दावा तेवढा आखडता घ्या. असहमती दाखवायला परवानगी आहे, फक्त ती कारणासह हवी. समीक्षकाने तुमच्या समाजाबद्दल चुकीचं गृहीत धरलं असेल तर ‘आपण म्हणता तसं नाही’ एवढ्यावर न थांबता दोन संदर्भ आणि डेटातलं एक उदाहरण द्या. तुम्हाला जे रोजच्या जगण्यातून माहीत आहे ते त्यांना माहीत असण्याची शक्यता नाही, आणि ते शब्दांत मांडताना निबंध बहुतेक वेळा सुधारतो.

१०. नावं, आणि परत देणं

लेखकांचा क्रम काम सुरू होतानाच ठरवा आणि ईमेलवर लिहून ठेवा. ज्याने कल्पना, डेटा, विश्लेषण किंवा लेखन यांत भर घातली आणि अंतिम मसुद्याची जबाबदारी घेतली तो लेखक. गाईड सरांनी किंवा मॅडमनी हे केलं असेल तर त्यांचं नाव हक्काचं आहे. केवळ पदामुळे कोणाचं नाव घालणं बरोबर नाही. हे बोलणं अवघड जातं, म्हणून ते सुरुवातीलाच करावं, निबंध तयार झाल्यावर नाही. गावात दारोदार फिरलेल्या, भाषांतरावर रात्री जागलेल्या सहकाऱ्यांचं योगदान लेखकपदाच्या तोडीचं असेल तर त्यांना लेखक करा, नसेल तर आभारात नाव घ्या, त्यांना विचारून.

निबंध स्वीकारला गेला की दोन कामं उरतात. पहिलं, मराठीत दोन पानांचा सारांश लिहा आणि ज्यांनी वेळ दिला त्यांच्यापर्यंत पोचवा: ग्रामपंचायतीत, शाळेत, महिला बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवा. लोक त्यावर जे बोलतात त्यातून पुढचा अभ्यास सापडतो. दुसरं, तुमची मराठी प्रश्नावली मूळ लेखकांच्या परवानगीने, भाषांतराच्या नोंदी आणि विश्वसनीयतेच्या आकड्यांसह ‘ओएसएफ’वर खुली ठेवा आणि तिला डीओआय, म्हणजे कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, घ्या. म्हणजे पुढच्या वर्षी नांदेडला किंवा चंद्रपूरला कोणी याच विषयावर काम सुरू केलं, तर त्यांना पहिल्या पायरीपासून भाषांतर करत बसावं लागणार नाही, आणि तुमच्या आणि त्यांच्या आकड्यांची खरी तुलना करता येईल.